स्लो कुकरमधील बटाटा, सॉसेज आणि चीजचे कॅसरोल: कृती आणि तिच्यामागील कारणे

सगळे जिन्नस एका भांड्यात घालावेत, झाकण लावावे आणि काही तासांनी थेट वाढायला घ्यावे, अशी या कॅसरोलची, म्हणजे एकाच भांड्यात सावकाश शिजवलेल्या पदार्थाची, ख्याती आहे, आणि ती निम्मीच खरी आहे. बटाट्याला दीर्घकाळ आणि पुरेशी उष्णता लागते, सॉसेजला आरंभी थोडा वेळ प्रखर आच लागते, आणि चीजला जितका कमी वेळ उष्णतेत राहावे लागेल तितके ते चांगले राहते. तिन्ही जिन्नस एकाच वेळी भांड्यात घातले, तर बटाटे मध्यभागी कच्चट राहतात, सॉसेज फिकट आणि लिबलिबीत होते आणि चीजचे तेल सुटून त्याच्या चिवट गुठळ्या होतात. प्रत्येक जिन्नस त्याच्या वेळी भांड्यात गेला, तर तेच साहित्य वापरून मऊ, दाटसर आणि खमंग पदार्थ तयार होतो. पुढील कृतीत जे काही सांगितले आहे ते या क्रमासाठीच आहे.

स्लो कुकर काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. त्याच्या धातूच्या आवरणात विजेवर तापणारी तार असते आणि तिची उष्णता आत ठेवलेल्या चिनीमातीच्या जाड भांड्याला हळूहळू मिळते. बहुतेक कुकरमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन्ही स्थितींत अन्न अखेरीस उकळबिंदूच्या किंचित खालच्या तापमानापर्यंतच पोहोचते. फरक असतो तो तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा. वाफ झाकणावर जमून पुन्हा भांड्यात पडते, त्यामुळे पाणी फारसे आटत नाही. अन्नाला तांबूस रंग आणि खरपूस चव देणारी मेलार्ड अभिक्रिया वेगाने घडण्यासाठी साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपासचे कोरडे तापमान लागते, आणि ते या ओलसर भांड्यात कधीच मिळत नाही. म्हणून खरपूसपणा हवा असेल तर तो बाहेर, पॅनमध्येच मिळवावा लागतो, आणि सॉस दाट हवा असेल तर तो आरंभापासूनच दाट करून घालावा लागतो.

साहित्य

येथे दिलेले प्रमाण सहा जणांना पुरेल असे असून ते साडेचार ते पाच लिटरच्या स्लो कुकरसाठी आहे. बटाटे १२०० ग्रॅम, सॉसेज ५०० ग्रॅम, मध्यम आकाराचे २ कांदे, लसणाच्या ४ पाकळ्या, लोणी ३० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम, पूर्ण स्निग्धांशाचे दूध ४०० मिलिलिटर, चिकन किंवा भाज्यांचा कमी मिठाचा स्टॉक (उकळून गाळलेले चविष्ट पाणी) १५० मिलिलिटर, चीज २५० ग्रॅम, मोहरीची तयार पेस्ट १ छोटा चमचा, ताजी कुटलेली मिरपूड १ छोटा चमचा, सुका थाइम अर्धा छोटा चमचा आणि पाव छोटा चमचा जायफळाची पूड एवढे साहित्य लागते. मीठ या यादीत मुद्दाम घेतलेले नाही. सॉसेजमध्ये मीठ असते, चीजमध्येही असते, आणि दोन्ही तासन्‌तास सॉसमध्ये मुरल्यावर ते संपूर्ण पदार्थात उतरते. मिठाचा निर्णय अगदी शेवटी, चव घेऊनच करावा.

कुकरचे भांडे निम्म्याहून कमी भरलेले असू नये आणि दोन तृतीयांशाहून फार अधिकही भरू नये. फार कमी भरले तर कडेचे अन्न करपते आणि फार भरले तर मधला भाग तापायला अतिशय वेळ लागतो. आपला कुकर लहान असेल तर सगळ्याच जिन्नसांचे प्रमाण त्याच पटीत घटवावे.

बटाटे

या पदार्थात सर्वाधिक निराशा बटाटाच करतो, त्यामुळे त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. शिजल्यावर भुसभुशीत होऊन फुटणारे पिठूळ बटाटे कुस्करण्यासाठी उत्तम असले, तरी येथे चार-पाच तासांनंतर त्यांचा लगदा होण्याची भीती असते. शिजूनही फोड धरून ठेवणारे, पातळ सालीचे, मेणासारख्या घट्ट गराचे बटाटे अधिक योग्य ठरतात. पिठूळ बटाटेच हाताशी असतील तर फोडी थोड्या मोठ्या कराव्यात आणि शिजल्या की नाही हे अर्धा तास आधीपासून तपासावे. हिरवट पडलेला बटाटा वापरू नये. हिरवटपणा थोडाच असेल तर तो भाग आणि मोड खोलवर कापून टाकावेत, कारण तेथे सोलानिनसारख्या विषारी द्रव्यांचे प्रमाण वाढलेले असते आणि शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत.

बटाटे सोलून साधारण दोन सेंटीमीटरच्या एकसारख्या फोडी कराव्यात. एकसारख्या हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. मंद उष्णतेत लहान फोड विरघळायला आलेली असताना शेजारची मोठी फोड दाताखाली करकरते, आणि अशा वेळी वेळ वाढवूनही उपयोग होत नाही. चिरलेला बटाटा हवेत काळा पडतो, म्हणून सॉस तयार झाल्यावरच बटाटे चिरणे उत्तम. आधी चिरायचेच असतील तर फोडी गार पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि वापरण्यापूर्वी स्वच्छ फडक्यावर पसरून पूर्णपणे टिपून घ्याव्यात. हे पाणी कुकरमध्ये गेले तर ते तेथून बाहेर पडत नाही आणि सॉस पातळ होतो.

कित्येक तास शिजूनही बटाटे कडकच राहिले, अशी तक्रार स्लो कुकर वापरणारे अनेक जण करतात, आणि तिच्यामागे एक ठोस कारण आहे. बटाटा साधारण ५५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळला, तर त्यातील एक विकर (एन्झाइम) पेशींच्या भित्तिकांमधील पेक्टिनमध्ये, म्हणजे पेशींना जोडून ठेवणाऱ्या द्रव्यामध्ये, असा बदल घडवते की ते कॅल्शियमच्या साहाय्याने अधिक घट्ट बांधले जाते, आणि मग पुढे तापमान वाढले तरी फोड सहजासहजी मऊ पडत नाही. गार बटाटे, गार सॉस आणि ‘लो’वर ठेवलेला कुकर हा मेळ म्हणूनच टाळावा, कारण त्यात बटाटा या पट्ट्यात सर्वाधिक काळ अडकतो. सॉस उकळता असतानाच ओतावा आणि पहिला तास कुकर ‘हाय’वरच ठेवावा. आम्लाचाही असाच परिणाम होतो. टोमॅटो, लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा वाइन घातल्यास बटाटे मऊ व्हायला वेळ लागतो, शिवाय दूध फाटण्याचा धोका वाढतो, म्हणून आंबट काही हवेच असेल तर ते वाढताना बाजूला द्यावे.

सॉसेज

सॉसेज विकत घेताना ते कच्चे आहे की शिजवून धुरावलेले आहे, हे वेष्टनावर वाचून घ्यावे, कारण दोघांची हाताळणी वेगळी आहे. शिजवलेले, धुरावलेले सॉसेज या पदार्थाला विशेष शोभते. त्याची चव सॉसमध्ये हळूहळू उतरते आणि त्याचे तुकडे आकार टिकवून धरतात. कच्चे सॉसेज अधिक रसाळ असते, मात्र त्याची चरबीही अधिक सुटते. डुकराच्या किंवा गाईच्या मांसाचे कच्चे सॉसेज मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कोंबडीचे किंवा टर्कीचे ७४ अंशांपर्यंत तापले पाहिजे. अन्नाचे तापमान मोजण्याचा थर्मामीटर जवळ असेल तर ही शंका एका क्षणात मिटते. गोठलेले सॉसेज कोणत्याही परिस्थितीत थेट स्लो कुकरमध्ये घालू नये. ते ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात, म्हणजे जेथे जिवाणू झपाट्याने वाढतात तेथे, फार काळ राहते. आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून ते पूर्ण वितळू द्यावे.

जाड बुडाचा पसरट पॅन मध्यम ते मोठ्या आचेवर तापवावा. धुरावलेले सॉसेज असल्यास त्याच्या एक सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करून त्या एका थरात, एकमेकींना न चिकटता पसराव्यात आणि मग त्यांना काही वेळ अजिबात हलवू नये. आरंभी पाण्याचा बारीक चरचराट ऐकू येतो, पाणी उडून गेल्यावर तो आवाज बदलून अधिक कोरडा आणि तीव्र होतो, चकत्यांच्या कडा किंचित वर उचलल्या जातात आणि उलथणे घातल्यावर चकती तळापासून आपोआप सुटते. तेव्हाच ती उलटावी. खालची बाजू गडद तांबूस झालेली असेल आणि कडेला बदामी रंगाची जाळी दिसेल. चकत्या गर्दी करून टाकल्या तर त्या स्वतःच्याच पाण्यात वाफवल्या जातात, म्हणून वेळ लागला तरी दोन खेपा कराव्यात. कच्चे सॉसेज असेल तर ते अखंडच सर्व बाजूंनी तांबूस करून मग कापावे, किंवा त्याचे आवरण काढून आतील मांस पॅनमध्ये मोकळे करत परतावे. अर्धवट शिजलेले कच्चे सॉसेज नंतर वापरू म्हणून फ्रिजमध्ये ठेवणे सुरक्षित नाही. एक तर ते लगेच कुकरमध्ये घालावे, नाही तर पॅनमध्येच पूर्ण शिजवून मग थंड करावे.

सॉसेज काढून घेतल्यावर पॅनमध्ये सुटलेल्या चरबीपैकी जेमतेम एक मोठा चमचा ठेवावी आणि उरलेली ओतून टाकावी. येथे मोह आवरलाच पाहिजे. चीजची स्वतःची चरबी पुढे येणारच असते, आणि दोन्ही मिळून पदार्थावर तेलाचा तवंग आणतात.

सॉस

त्याच पॅनमध्ये बारीक चिरलेला कांदा पारदर्शक होऊन कडेने सोनेरी दिसू लागेपर्यंत परतावा. स्लो कुकरमध्ये कच्चा कांदा शिजतो खरा, पण त्याचा उग्रपणा पूर्णपणे जात नाही. त्यात ठेचलेला लसूण अर्धा मिनिट परतून लोणी घालावे, लोणी वितळले की मैदा भुरभुरावा आणि मंद आचेवर दोन मिनिटे सतत हलवत भाजावा, म्हणजे त्याचा कच्चा वास निघून जातो. आता स्टॉक थोडा थोडा ओतत लाकडी उलथण्याने पॅनचा तळ खरवडावा. तळाला चिकटलेला तो तांबूस थर म्हणजे सॉसेज परतल्याची सारी कमाई असते, आणि तो सॉसमध्ये विरघळला नाही तर आधीचा खटाटोप पॅन धुताना वाहून जातो. त्यानंतर दूध बारीक धारेने घालत सॉस एकजीव करावा, त्यात मोहरीची पेस्ट, मिरपूड, थाइम आणि जायफळ मिसळावे आणि दोन-तीन मिनिटे हलकी उकळी येऊ द्यावी.

हा सॉस चमच्याच्या पाठीवर जाड लेप धरील इतका दाट असावा. नुसते दूध कित्येक तास तापत ठेवले तर ते फुटून कणीदार होऊ शकते. मैद्यातील पिष्ट दुधातील प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून सॉस गुळगुळीत राहतो. सॉस गरजेपेक्षा जास्त दाट झाला असे या टप्प्यावर वाटले तरी दूध वाढवू नये. बटाटे आणि कांदा शिजताना पाणी सोडतात आणि तो आपोआप योग्य घट्टपणाला येतो.

भांडे भरणे आणि शिजवणे

कुकरच्या भांड्याला आतून लोण्याचा पातळ हात फिरवावा. बटाट्याच्या फोडी तळाशी घालाव्यात, कारण कडा आणि तळ हेच भाग सर्वाधिक तापतात आणि शिजायला सर्वांत हट्टी जिन्नस तेथेच असला पाहिजे. त्यांवर निम्मा उकळता सॉस ओतून फोडी अलगद वरखाली कराव्यात, म्हणजे प्रत्येक फोडीवर सॉसचा लेप बसेल. कोरडी राहिलेली फोड वरून करडी पडते आणि उशिरा शिजते. त्यावर सॉसेज पसरून उरलेला सॉस ओतावा, सर्व काही चमच्याने हलके दाबून सपाट करावे आणि झाकण लावावे.

कुकर सलग ‘हाय’वर ठेवल्यास साधारण ४ ते ५ तास लागतात. अधिक सवड हवी असेल तर पहिला तास ‘हाय’वर ठेवून पुढे ‘लो’वर ५ ते ६ तास शिजवावे. प्रत्येक कुकरची उष्णता थोडी वेगळी असते, त्यामुळे आपल्या कुकरचा नेमका वेळ पहिल्या वेळी टिपून ठेवणे फायद्याचे असते. मधूनमधून झाकण उघडून पाहण्याची सवय मात्र सोडावी. साठलेली वाफ निघून गेली की भांडे पूर्वीच्या तापमानाला यायला १५ ते २० मिनिटे सहज लागतात. पहिली तपासणी ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी करावी आणि ती कडेची नव्हे, मधली फोड घेऊन करावी, कारण कडेच्या फोडी नेहमीच आधी शिजतात. सुरीचे टोक काहीही विरोध न होता आत जाऊन बाहेर आले पाहिजे. जरासाही करकरीतपणा जाणवला तर चीज घालू नये. आणखी अर्धा तास शिजू द्यावे.

शिजत असताना आपण घराबाहेर असू आणि मधल्या काळात वीज किती वेळ गेली होती हे समजायला मार्ग नसेल, तर अन्न शिजलेले दिसत असले तरी ते टाकून द्यावे. हा सल्ला कठोर वाटेल, पण मांस आणि दूध असलेल्या पदार्थाच्या बाबतीत वास आणि चव यांवरून सुरक्षिततेची खात्री होत नाही.

चीज

चीज नेहमी शेवटच्या २० ते ३० मिनिटांतच घालावे. त्यातील केसिन नावाच्या प्रथिनांचे जाळे कॅल्शियमने बांधलेले असते आणि त्या जाळ्यात चरबी व पाणी अडकून राहते. मंद उष्णतेने जाळे सैल पडते आणि चीज वितळते. उष्णता फार वेळ मिळत राहिली तर प्रथिने पुन्हा घट्ट आवळली जातात, पाणी पिळून निघते आणि चरबी वेगळी होते. ही स्थिती आली की पृष्ठभागावर पिवळसर तेलाची थारोळी आणि त्यांत बारीक रवाळ गोळे दिसतात. अशा वेळी थोड्या दुधात कॉर्नफ्लोअर कालवून ते गरम करून मिसळल्यास पदार्थ बराच सावरतो, मात्र मूळचा गुळगुळीतपणा पूर्णपणे परत येत नाही.

मध्यम मुरलेले चेडर दोन भाग आणि मोझरेला एक भाग हे मिश्रण मला या पदार्थासाठी सर्वांत संतुलित वाटते. चेडर चव देते आणि मोझरेला तार देते. फार जुने, कोरडे चीज चवीला अप्रतिम असले तरी ते चटकन फाटते, म्हणून ते मूठभरच घ्यावे. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये पायसीकरण करणारे, म्हणजे चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असल्यामुळे ते सहसा फाटत नाही. पाहुण्यांच्या येण्याची वेळ अनिश्चित असेल आणि पदार्थ काही काळ गरम ठेवावा लागणार असेल, तर निम्मे चीज त्या प्रकारचे घेणे शहाणपणाचे आहे. चीज स्वतः किसावे. आधीच किसून पाकिटात भरलेल्या चीजला कीस चिकटू नये म्हणून पिष्ट किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते आणि ते तितके एकजीव वितळत नाही. बटाटे शिजत आले की कीस फ्रिजबाहेर काढून ठेवावा.

दोन तृतीयांश कीस दोन-तीन खेपांत घालून मोठ्या चमच्याने तळापासून वर उचलत हलक्या हाताने मिसळावा. घोटू नये, फोडी मोडतात. चव घेऊन मीठ लागल्यास आताच घालावे. उरलेला कीस वरून पसरावा, भांड्याच्या तोंडावर स्वच्छ, कोरडे सुती फडके ताणून ठेवून त्यावर झाकण लावावे आणि फडक्याची टोके झाकणावर उचलून दुमडून घ्यावीत, म्हणजे ती तापलेल्या आवरणाला लागणार नाहीत. झाकणावरून पडणारे थेंब फडक्यात शोषले जातात आणि चीजवर पाणी साचत नाही. वीस मिनिटांनी कुकर बंद करून झाकण काढावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. या थोड्या वेळात पिष्ट आळते आणि सैल वाटणारा सॉस फोडींना धरून बसतो.

वरचा थर तांबूस हवा असेल तर पदार्थ ओव्हनमध्ये चालणाऱ्या उथळ भांड्यात काढून ग्रिलखाली ३ ते ४ मिनिटे ठेवावा. कुकरचे स्वतःचे भांडे ग्रिलखाली चालते की नाही हे उत्पादकाच्या सूचनेत पाहिल्याशिवाय ठरवू नये.

बदल करायचे असल्यास

मांसाहार न करणाऱ्यांनी सॉसेजऐवजी मश्रूमच्या जाड फोडी पाणी आटून तांबूस होईपर्यंत परतून घ्याव्यात आणि भाज्यांचा स्टॉक वापरावा. सोयाबीनची सॉसेज वापरायची असल्यास ती परतून शेवटच्या तासात घालावीत, कारण दीर्घकाळ शिजल्यावर ती फुटतात. भोपळी मिरची किंवा मटारदेखील शेवटच्या तासातच घालावेत. राजमा घालण्याची इच्छा असेल तर तो पूर्ण शिजवलेला किंवा डब्यातलाच घ्यावा. कच्च्या राजम्यातील विषारी लेक्टिन स्लो कुकरच्या मंद उष्णतेत नष्ट होत नाही. त्यासाठी राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा लागतो.

उरलेले कॅसरोल

पदार्थ वाढण्यास उशीर होणार असेल तर ‘वॉर्म’वर, म्हणजे अन्न फक्त गरम ठेवणाऱ्या स्थितीवर, एखादा तास ठेवता येतो, त्याहून अधिक काळ ठेवल्यास चीज तेल सोडू लागते. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावे, कारण जड चिनीमातीच्या भांड्यातच ठेवले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. ते तीन ते चार दिवस चांगले राहते. गोठवण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण वितळल्यावर बटाटे पाणी सोडून दाणेदार होतात. पुन्हा गरम करताना स्लो कुकर वापरू नये. एक-दोन चमचे दूध शिंपडून, झाकून, मायक्रोवेव्हमध्ये किंवा १६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये मध्यभाग ७४ अंशांपर्यंत तापू द्यावा. कुकरचे भांडे पूर्ण निवल्यावरच कोमट पाण्याने भरून भिजत ठेवावे, कारण तापलेल्या चिनीमातीवर गार पाणी पडले तर तिला तडा जाऊ शकतो.